लालपुर्जा आणि सातबारा

(वरळी इथे ऑगस्ट २००८ मध्ये तरुणांचा एक मेळावा झाला. विषय होता ‘परदेशातील स्वयंसेवेचे अनुभव – गावविकास आणि शिक्षण’. तिथे संघटनेच्या वतीने केलेलं भाषण पाड्यापाड्यावरच्या बैठकीत वाचता यावं म्हणून इथे देत आहोत.)

जिंदाबाद!

वरळीच्या सगळ्या ताई-दादांना आमच्या संघटनेचा जिंदाबाद. आमच्याकडे नमस्काराच्या जागी हेच म्हणतात. तेव्हा बिचकू नका, आज मोर्चा नाही.

आमच्या आधी जे बोलले त्यांच्यातले कुणी विमानाने गेले होते, कुणी बर्फातले फोटो दाखवले. आमचा परदेश म्हणजे नेपाळ. मुंबईहून रेल्वेने लखनौ, तिथून बसने पलिया, पलियाहून दुधव्याच्या जंगलातून गौरीफंटा, आणि नाका ओलांडला की पलीकडे धनगढी. जिल्हा कैलाली. पासपोर्टाचं ऑफिस तुमच्या वरळीतच आहे, पण आम्हाला त्याची पायरी चढावी लागली नाही. भारताच्या माणसाला नेपाळात जायला निवडणुकीचं ओळखपत्र पुरतं. आमच्या पाड्यावर तेवढं एक कार्ड सगळ्यांकडे असतं. जमिनीचा कागद नसला तरी मताचा कागद असतोच.

आम्ही तिघं गेलो होतो, दोन पोरगे आणि एक पोरगी. बारावीच्या पुढे कुणाचं शिक्षण नाही. यंदाच्या जानेवारीत माघीचा सण संपता संपता पोचलो आणि त्यांच्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत राहिलो. काम ठरलं होतं ते असं : मुक्त कमैयांच्या वस्तीत सकाळी पोरांची बालवाडी आणि रात्री बायांचा साक्षरता वर्ग. आमच्याकडे आम्ही दोन्ही चालवतो, म्हणून तिकडच्या साथींनी बोलावलं.

कमैया म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पश्चिम नेपाळच्या तराईत थारू नावाचे आपल्यासारखेच आदिवासी आहेत. दांग, बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हे त्यांचे पाच जिल्हे. पूर्वी तिथे हिवतापाचं इतकं भय होतं की डोंगरावरची माणसं खाली राहायला येतच नसत. थारू राहत, जंगल तोडून भात करत, आणि कागद कुणी मागितला नाही म्हणून त्यांनी केला नाही. १९५० नंतर डीडीटी फवारलं, हिवताप हटला, आणि वरची शिकलेली माणसं खाली आली. त्यांना कागद करता येत होता. काही वर्षांत थारू स्वतःच्या शेतावर गडी झाला. सावकाराकडून घेतलेल्या उचलीला ते सौंकी म्हणतात. ती फिटेपर्यंत घरातल्या सगळ्यांनी मालकाकडे राबायचं. दर वर्षी माघीला करार नवा व्हायचा. मालक बदलायचा असेल तर नव्या मालकाने जुन्याची सौंकी भरायची, म्हणजे माणूस कर्जासकट विकला जायचा. मुलींना कमलहरी म्हणून शहरात भांडी घासायला पाठवायचे.

हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या आजे-पणजांना लग्नगडी म्हणत. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायको दोघांनी मग जन्मभर त्याच्या वाड्यावर राबायचं. डहाणू, उंबरगाव, तलासरी, सगळीकडे हेच होतं. १९४५ साली झरीला परिषद झाली, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर उभे राहिले, वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड पडला. आमच्या पाड्यावर ही गोष्ट पोरांना पाठ आहे. आम्ही ती पहिल्याच रात्री मोडक्या हिंदीत सांगितली. एक म्हातारा थारू ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, “तुमचं आमच्या पन्नास-पंचावन्न वर्षं आधी झालं. मग आता तुम्हाला जमीन मिळाली असेल!”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मिळाली, अर्धी मिळाली. कुळकायद्यात काहींना मिळाली, जंगलातल्या प्लॉटवाल्यांना अजून नाही. हे हिंदीत सांगायला आम्हाला अर्धा तास लागला.

त्यांचं असं झालं. १ मे २००० ला कैलालीतल्या गेटा गावात एका माजी मंत्र्याच्या शेतावरच्या १९ कमैयांनी सरकारी कचेरीत अर्ज दिला : आम्हाला किमान मजुरी द्या आणि कर्जातून सोडवा. त्यावरून पाचही जिल्हे पेटले. अडीच महिन्यांत, १७ जुलै २००० ला, सरकारने जाहीर केलं की कमैया पद्धत बंद, सौंकी रद्द. मोठी गोष्ट झाली. पण दुसऱ्या दिवशी काय? मालक म्हणाले, मुक्त झालात ना, मग माझ्या जमिनीवरची झोपडी खाली करा. ऐन पावसाळ्यात माणसं प्लास्टिकखाली आली, रस्त्याच्या कडेला, जंगलाच्या कडेला.

मग सरकारने कार्डं वाटली. लाल कार्ड म्हणजे ना घर ना जमीन. निळं कार्ड म्हणजे सरकारी पडीवर झोपडी आहे, पण जमीन नावावर नाही. पिवळं कार्ड म्हणजे घर आहे आणि दोन कठ्ठ्यांपर्यंत जमीन आहे. पांढरं म्हणजे त्याहून जास्त. ज्यांना जमीन द्यायची ठरली त्यांना फार तर पाच कठ्ठे. त्यांचा एक कठ्ठा म्हणजे आपले सव्वातीन-साडेतीन गुंठे. पाच कठ्ठे म्हणजे सतरा गुंठ्यांच्या आतबाहेर. तेवढ्यात झोपडी आणि थोडी भाजी होते, वर्षाचा भात होत नाही. आणि आम्ही गेलो तेव्हा आठ वर्षं होत आली होती, तरी लाल कार्ड घेऊन बसलेली घरं वस्तीत होती.

आता रात्रीच्या वर्गाचं सांगतो. आम्ही इथून तक्ते नेले होते. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. लिपी देवनागरीच, त्यामुळे तेवढी सोय होती. पहिल्या दिवशी अठ्ठावीस बाया आल्या. नेपाळात तेव्हा लोडशेडिंग भयंकर, आणि वस्तीत तारच पोचली नव्हती, म्हणून कंदिलाभोवती बसायचं. आम्ही तक्ता लावला. एक बाई उठली, घरी गेली आणि पिशवीतून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. तिचा लालपुर्जा. लालपुर्जा म्हणजे जमिनीच्या मालकीचा दाखला, आपला सातबारा समजा. म्हणाली, कमळ नंतर, आधी यात काय लिहिलंय ते शिकवा. सहा वर्षं हा कागद माझ्या घरात आहे आणि दर वेळी दुसऱ्याला वाचायला द्यावा लागतो. वाचणारा खरं वाचतो की खोटं, मला काय कळणार?

त्या रात्रीपासून तक्ता गुंडाळून ठेवला. तीन महिने वर्गाचं पुस्तक म्हणजे लालपुर्जा. नाव, नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव. गाव, वॉर्ड. कित्ता नंबर, म्हणजे आपला गट नंबर. मग क्षेत्रफळ : बिघा, कठ्ठा, धुर. वीस धुरांचा कठ्ठा, वीस कठ्ठ्यांचा बिघा. यातून गणितही झालं. ज्यांच्याकडे लालपुर्जा नव्हता त्या आपापलं कार्ड आणायच्या, त्यावरचं नाव वाचायच्या. दीड महिन्याने एकीने शोधून काढलं की तिच्या कागदावर चार कठ्ठे आहेत आणि ताब्यात तीनच. कुणाला पत्ता नव्हता. मग आम्ही सगळे दोरी घेऊन शेतात. दोरीला हातहातावर गाठी मारून मोजलं. उरलेला कठ्ठा शेजारच्याच्या बांधात गेला होता. ते प्रकरण त्यांच्या संघटनेने पुढे नेलं. आम्ही आलो तोवर मोजणीचा माणूस यायचा होता.

एके रात्री त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कागद बाईच्या नावावर होतो का? आम्ही सांगितलं की भारतात जंगलजमिनीचा नवा कायदा झालाय, त्यात हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा, असं कलमातच लिहिलंय. त्या बायांनी ते तीन वेळा सांगायला लावलं. चौथ्या वेळी नवऱ्यांना बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर सांगायला लावलं. आमच्या तीन महिन्यांतलं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान ते!

बालवाडीचं थोडक्यात. पोरं सगळीकडे पोरंच. गाणी आम्ही वारलीत म्हणायचो, ती थारूत म्हणायची, अर्थ कुणालाच कळायचा नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. थारू बाया मातीच्या भिंतीवर हत्ती-मोर उठवतात, आमच्या चौकाची आठवण यायची. घोंघी म्हणजे शिंपल्यातला गोगलगायीसारखा जीव, तो चोखून खायला आम्हाला आठवडा लागला. आमच्या चिंबोरीचं वर्णन ऐकून त्या म्हणाल्या, ते आम्ही एका दिवसात शिकू.

आमच्याच वस्तीत युरोपातली दोन मुलं महिनाभर होती. चांगली होती, कष्टाळू होती, हातपंपाचा चौथरा त्यांनी आमच्याबरोबर घाम गाळून बांधला. पण जाताना त्यांनी वस्तीला विचारलं, आणखी काय हवंय? वस्ती म्हणाली, जमीन. ती म्हणाली, ते आमच्या हातात नाही, शाळेला रंग देऊ का? वस्तीने हो म्हटलं. कुणी रंग देतो म्हणालं तर नाही कशाला म्हणायचं?

हा प्रसंग आम्ही त्यांची टिंगल करायला सांगत नाही. आमच्या घरी हेच दुसऱ्या बाजूने आम्ही बघितलंय, म्हणून सांगतो.

२००५ च्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर बाहेरदेशचे दोघं आणि पुण्याची एक ताई दीड महिना राहायला आले. पाड्यावर बालवाडी नव्हती. एका काकाने आपल्या जंगलप्लॉटातली दोन गुंठे जागा दिली. सगळ्यांनी मिळून कुडाच्या भिंती घातल्या, माती लिंपली. पाहुण्यांनी आपल्या मित्रांकडून पैसे जमवून वर कौलं घातली. पेंढा दर वर्षी बदलावा लागतो, कौलं टिकतात, हे खरंच. पोरं बसायला लागली. पाहुणे गेले. पाऊस सरला आणि ऑक्टोबरात जंगलवाले आले. पेंढ्याची झोपडी असती तर बघून न बघितल्यासारखं केलं असतं. कौलं म्हणजे पक्कं बांधकाम. पंचनामा झाला. ‘राखीव वनात अतिक्रमण करून पक्के बांधकाम केले.’ नोटीस निघाली ती काकाच्या नावाने. कौलं ज्यांनी आणली त्यांची नावं पंचनाम्यात असायचं काही कारणच नव्हतं, त्यांना तिथे कोण ओळखत होतं! काकाने तारखांसाठी तालुक्याला आठ खेपा घातल्या. आठ दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. त्याच दिवसांत पाहुण्यांकडून टपालाने फोटो आले. फोटोत काका हसतोय, कौलाखाली.

आम्ही त्यांना पत्र टाकलं, असं असं झालंय. त्यांचं उत्तर आलं, त्यांना फार वाईट वाटलं, कुणाला पत्र लिहू ते कळवा. त्यांनी लिहिलंही. दोष त्यांचा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्याकडच्या यादीत ‘जागा कुणाच्या नावावर आहे’ हा प्रश्नच नव्हता. मुलं किती, उंची-वजन किती, शौचालयं किती, हे सगळं होतं.

त्या पंचनाम्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण त्यात तुमचं काम आहे.

आमच्या तालुक्याची गोष्ट छोटी. आता मोठी सांगतो. तुम्ही सगळ्यांनी ‘स्वदेस’ बघितलाय. २००४ चा. अमेरिकेतला शास्त्रज्ञ गावात येतो, पाण्यावर वीज करतो, म्हातारीच्या घरात दिवा लागतो, थेटरात टाळ्या पडतात. शूटिंग वाईजवळच्या मेणवलीला झालं. पण ती गोष्ट ज्यावरून सुचली ते गाव आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात आहे. त्याचं नाव बिलगाव. भिल्ल-पावरा आदिवासींचं गाव. अमेरिकेत शिकायला-नोकरीला गेलेल्या भारतीय तरुणांनी १९९१ साली मेरीलँडला एक संघटना काढली, असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट. त्यातले रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री हे जोडपं परत आलं आणि नर्मदेच्या खोऱ्यातल्या माणसांबरोबर कामाला लागलं. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे इंजिनिअर आले. गावाने दगड-वाळू वाहिली, बांध घातला, पाट खणला. उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचं यंत्र बसलं आणि जानेवारी २००३ मध्ये दिवे लागले. पैसे बाहेरचे, अक्कल केरळची, अंगमेहनत गावाची, आणि मालकी गावाची. यापेक्षा चांगली स्वयंसेवा आम्हाला तरी माहीत नाही. आमच्यातले जुने कार्यकर्ते तिकडे जाऊन आले होते. ते सांगत, रात्री शाळेत पोरं वाचत बसलेली दिसायची.

ऑगस्ट २००६ ला ते सगळं पाण्यात गेलं. खाली सरदार सरोवराची भिंत. त्याच वर्षी ती १२१.९२ मीटरपर्यंत न्यायला परवानगी मिळाली होती. मेधाताई त्याविरुद्ध दिल्लीत उपोषणाला बसल्या होत्या. पावसाळा आला, पाणी तुंबून मागे सरलं, उदईने उलटं तोंड केलं, आणि यंत्र, पाट, बांध वाहून गेला. कुणी म्हणतं पाऊसच फार झाला. आम्ही खोऱ्यातल्या माणसांचं खरं मानतो, नदी तेच रोज बघतात. त्याआधी डोमखेडीला असंच एक छोटं यंत्र बसवलं होतं, तेही बुडितातच गेलं.

सिनेमात हे नाही. सिनेमा २००४ चा आणि पाणी २००६ चं, त्यामुळे दिग्दर्शकाला बोल लावता येत नाही. पण तुम्ही ‘स्वदेस’ बघून गावाकडे निघणार असाल तर ही दोन वर्षं पुढची रीळ डोक्यात ठेवा. बिलगावात काम करणाऱ्यांनी ती ठेवली होती, म्हणून ते दिवा लावत होते आणि धरणाविरुद्ध लढतही होते. एका हातात पाना आणि एका हातात निवेदन, अशी ती माणसं.

याच नर्मदेसाठी परदेशात किती जणांनी काम केलं ते फारसं कुणाला माहीत नाही. जपानमधल्या काही कार्यकर्त्यांनी नर्मदेचं पाणी तोंडात घेतलं नसेल. त्यांना कळलं की सरदार सरोवराच्या यंत्रांसाठी कर्ज आपलं सरकार देतंय. १९९० मध्ये त्यांनी टोकियोत परिषद भरवली, इथल्या माणसांना बोलावून बोलायला लावलं, आपल्या खासदारांच्या मागे लागले. त्याच वर्षी जपानने पुढचं कर्ज थांबवलं. अमेरिकेतल्या लोकांनी जागतिक बँकेला असंच छळलं. बँकेने मग ब्रॅडफर्ड मोर्स यांची समिती नेमली. जून १९९२ ला तिचा अहवाल आला की पुनर्वसन धड नाही आणि पर्यावरणाचा अभ्यासही धड नाही, बँकेने मागे सरावं. मार्च १९९३ मध्ये बँकेचं कर्ज संपलं. त्या जपानी माणसांनी इथे येऊन एकही भिंत रंगवली नाही. ती आपल्या गावात राहून आपल्या सरकारला विचारत होती. त्यांना स्वयंसेवक म्हणायचं की नाही? आम्ही म्हणतो.

तुमच्या इथला मोठा रस्ता अ‍ॅनी बेझंट यांच्या नावाने आहे. रोज बसच्या पाटीवर वाचता. ही बाई १८९३ ला इंग्लंडहून आली. १८९८ ला बनारसमध्ये तिने कॉलेज काढलं, तोवर सरकारला तिची काही अडचण नव्हती. १९१६ ला तिने होमरूल मागितलं आणि १९१७ ला सरकारने तिला स्थानबद्ध केलं. सरकार तिच्याच देशाचं. शाळा काढणारी चालते, हक्क मागणारी चालत नाही. हे कैलालीतही असंच आहे आणि आमच्या तालुक्यातही असंच आहे.

कुणी म्हणेल, म्हणजे शिकवायला येऊच नये की काय? तसं नाही. इथून जवळ दादरला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं. मग त्या १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हणून यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. अनुताई १९९२ ला वारल्या तोवर इथेच होत्या. सत्तेचाळीस वर्षं! आम्ही सहा आठवड्यांच्या स्वयंसेवकाकडे सत्तेचाळीस वर्षं मागत नाही. पण अंगणात यायचं तर अंगण कुणाचं हे विचारायला सत्तेचाळीस वर्षं लागत नाहीत.

आता काकाचा पंचनामा.

आमच्या पाड्यावर आता वनहक्काचं काम चाललंय. कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ चे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो जंगलजमीन कसतोय त्याचा हक्क मान्य करायचा, चार हेक्टरपर्यंत. गावाने ग्रामसभेत दहा ते पंधरा जणांची समिती निवडायची, त्यात एक तृतीयांश बाया. समितीने प्लॉटवर जाऊन बघायचं, पुरावे तपासायचे आणि दावा ग्रामसभेपुढे ठेवायचा. पुरावा म्हणून जुनी विहीर चालते, मसणवट चालते, देवाची जागा चालते, म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. आणि जंगलखात्याने केलेल्या दंडाची पावती, नोटीस, पंचनामा, हेही चालतं. काकाच्या पंचनाम्यावर तारीख आहे ऑक्टोबर २००५ ची. सरकारी शिक्का आहे, प्लॉटची चतुःसीमा आहे, काकाचं नाव आहे. कौलं घातल्याबद्दल ज्या कागदाने त्याला आठ खेपा घालायला लावल्या तोच कागद आता त्याच्या दाव्याला जोडलाय. बालवाडी अजून उभी आहे.

पण काकाने तो कागद जपून ठेवला म्हणून. कित्येक घरांत दंडाच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्यात, चुलीत गेल्यात. काहींनी रागाने फाडल्यात. ज्यांच्याकडे आहेत त्यांना त्या वाचता येत नाहीत.

तुम्हाला हे नवीन वाटायला नको. इथल्या झोपडपट्टीत १ जानेवारी १९९५ चा पुरावा मागतात. फोटोपास, लाइटबिल, मतदारयादीतलं नाव यासाठी तुमच्या घरच्यांनी किती हेलपाटे घातलेत ते तुम्ही बघितलंय. बीडीडी चाळीत एकशे साठ फुटांची खोली कुणाच्या नावावर, यावरून भावाभावांत काय होतं तेही बघितलंय. एखाद्या तारखेच्या आधी आपण होतो हे सरकारला पटवून देणं हे काम मुंबईच्या पोराला आमच्याइतकंच येतं. कदाचित जास्त येतं. नळाचं पाणी तर आपलं एकच आहे. १८९२ पासून तानसाचं पाणी शहापूरच्या जंगलातून तुमच्याकडे येतं, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

तर आम्हाला स्वयंसेवक पाहिजेत, आणि परदेशातून मागवायची गरज नाही, वरळीचे चालतील. काम असं आहे : घरोघर जाऊन ट्रंकेतले, पत्र्याच्या डब्यातले, आढ्याला खोचलेले कागद बाहेर काढायचे. वाचायचे, घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे, यादी करायची, झेरॉक्स काढून मूळ कागद त्यांना परत द्यायचा. मूळ कागद कुणीही, कितीही चांगला माणूस असला तरी, पाड्याबाहेर न्यायचा नाही. म्हाताऱ्यांचे जबाब उतरवायचे, ते जसे बोलतील तसेच, सुधारून लिहायचे नाहीत. मग पाड्यातल्या माणसांबरोबर टेप धरून प्लॉट मोजायचे आणि नकाशाचं कच्चं चित्र काढायचं. ज्यांना शिकवायची हौस आहे त्यांनी रात्री बायांचा वर्ग घ्यावा. पुस्तक आमच्याकडे आहे, दाव्याचा फॉर्म. कैलालीच्या बायांनी आम्हाला दिलेली पद्धत आहे, ती तुम्हाला पहिल्या दिवशी दाखवू.

आत्ता येऊ नका. आत्ता चिखल आहे, आवणी नुकतीच उरकली, माणसं दमलीत. भात कापून झोडणी झाली की या, दिवाळीनंतर. चर्चगेटहून विरार लोकल, विरारहून डहाणूची शटल, पुढे एसटी. शेवटची एसटी चुकली तर पाच कोस चाल आहे. दहा दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर नका येऊ, पहिले चार दिवस ओळखीतच जातात. जेवण आमच्यासारखंच, नागलीची भाकर आणि जे असेल ते. बॅटरी आणा, टेप आणा, कार्बन पेपर भरपूर आणा. कॅमेरा असला तर आणा, कागदांचे फोटो काढायला लागतोच. नावं त्या कोपऱ्यातल्या वहीत लिहा. आमची पोरगी बसलीय तिथे, मराठी लिहिता-वाचता येतं का ते ती विचारेल. इंग्रजीचं ती विचारणार नाही.

जिंदाबाद.